मंडळ गुजरातचे, बोली मराठीची: दादरा-नगर हवेलीचा फोन कोणत्या भाषेत बोलतो?

दादरा-नगर हवेली म्हटले की सीमाभागातील जुन्या वाचकाला १९५४ सालचा पावसाळा आठवतो. २२ जुलैला दादरा मुक्त झाले आणि २ ऑगस्टला सिल्व्हासावरचा पोर्तुगीज झेंडा उतरला. त्या मोहिमेत सुधीर फडके होते. आझाद गोमंतक दलाचे, युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सचे आणि संघाचे तरुणही होते. पुढे सात वर्षे तेथील कारभार वरिष्ठ पंचायतीने चालवला. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला आणि १९६१ साली हा मुलूख केंद्रशासित प्रदेश म्हणून भारतात सामील झाला. इथवरचा इतिहास शाळेच्या पुस्तकात थोडाफार सापडतो. मुक्त झालेल्या या मुलखातल्या माणसाशी पुढे सरकार, बँक आणि आता टेलिफोन कंपनी कोणत्या भाषेत बोलली, हा भाग मात्र कुठेच सापडत नाही. त्यातला फक्त टेलिफोनचा धागा आज उलगडून पाहू.

आधी भूगोल. ४९१ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि ७२ गावे. दादरा हा तुकडा वेगळा, नगर हवेली वेगळी. दोहोंमध्ये गुजरातची पट्टी. आणि नगर हवेलीच्या पोटात पुन्हा मघवाळ हे गुजरातचे गाव. म्हणजे कढईत पुरी आणि पुरीत पुन्हा छिद्र. पश्चिमेला वापी स्टेशन पंधरा-वीस किलोमीटरवर आहे. दक्षिणेला तलासरी, जव्हार, मोखाडा हे आपल्या आजच्या पालघर जिल्ह्यातले तालुके, पूर्वेच्या डोंगरांपलीकडे नाशिकचा मुलूख. सिल्व्हासा आणि आमलीचे तोंड वापीकडे आहे. खानवेल, दुधनी, मांदोनी, सिंदोनी या पट्ट्याचे सोयरेधायरे मात्र डोंगराच्या अलीकडे. वारली, कोकणा, धोडिया, काथोडी, ढोर कोळी हे येथले मूळ रहिवासी. मराठी माध्यमाच्या शाळा येथे आहेत, तशा गुजरातीच्याही आहेत. त्यात औद्योगिक वसाहती आल्या, देशभरचा कामगार आला आणि बाजाराची भाषा हिंदी झाली. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ३,४३,७०९ भरली. न्यायालयाचे काम मुंबई उच्च न्यायालयाकडे, टेलिफोनचे काम गुजरात मंडळाकडे. २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश झाला, तरी या दोन गोष्टी होत्या तशाच राहिल्या.

नव्वदच्या दशकात मी काही कामासाठी सिल्व्हासात मुक्काम केला होता. संध्याकाळी जव्हारला फोन करायचा म्हणून पिवळ्या पाटीच्या बूथवर गेलो. रात्री अकरानंतर दर उतरतो म्हणून ही गर्दी. बूथवाला गुजराती. रांगेत माझ्यापुढे एक वारली म्हातारा होता, हातात चुरगळलेली चिठ्ठी, तिच्यावर मोखाड्याकडच्या कुठल्या दुकानाचा नंबर. बूथवाल्याने नंबर फिरवला, पलीकडच्या दुकानदाराला स्वतःच सांगितले की अमक्याच्या मुलाला बोलावून ठेवा, दहा मिनिटांनी पुन्हा लावतो. म्हातारा बाकावर बसून राहिला. दहा मिनिटांनी बाप-लेक बोलले. लाल आकडे धावत होते, म्हातारा आकड्यांकडे बघत भराभर बोलत होता.

हा प्रसंग सांगितला तो गहिवरासाठी नव्हे. त्या वेळच्या तारेच्या फोनला अंतर कळत असे, राज्य कळत नसे. एस.टी.डी.चा दर किलोमीटरच्या टप्प्यांवर होता. पल्स किती सेकंदांची, एवढाच हिशेब. डहाणूचा कोड ०२५२८, जव्हारचा ०२५२०, सिल्व्हासाचा ०२६०, आणि हाच ०२६० वापीलाही, दमणलाही. मधे कुठली विधानसभा आहे याच्याशी मीटरला देणेघेणे नव्हते. दुसरे म्हणजे त्या यंत्रणेत अजून माणूस होता. ट्रंक कॉल जोडणारी ऑपरेटरबाई असो की बूथवाला, समोरच्याची बोली कळली नाही तर तो पुन्हा विचारत असे. यंत्राने माणसाची जागा घेणे अपरिहार्य होते आणि चांगलेही होते, यात वाद नाही. सी-डॉटने १९८४ नंतर देशी बनावटीचे ग्रामीण स्वयंचलित एक्सचेंज तयार केले, त्यातले पहिले १९८६ साली बसले ते बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला. धूळ आणि उकाडा सोसणारे, वातानुकूलित खोली न मागणारे ते यंत्र खेड्यापाड्यात फोन घेऊन गेले. आपल्या सीमाभागाचा दूरसंचाराच्या इतिहासातला हा मान सहसा कोणी सांगत नाही, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

मग आले १९९४ चे राष्ट्रीय दूरसंचार धोरण. त्या वेळची अवस्था धोरणाच्या मजकुरातच दिली आहे: शंभर माणसांमागे ०.८ फोन, देशभरात सुमारे ८० लाख जोडण्या आणि २५ लाख लोक प्रतीक्षायादीत. ५,७६,४९० खेड्यांपैकी जेमतेम १ लाख ४० हजार खेड्यांत फोन. १९९७ पर्यंत मागेल त्याला फोन आणि प्रत्येक खेड्यात फोन, असा संकल्प सोडला गेला. तो पार पडला नाही. भारत निर्माण योजनेची यादी झाली तेव्हाही ६६,८२२ खेडी फोनविना होती. पण या धोरणाने एक गोष्ट कायमची केली, खासगी कंपन्यांना दार उघडले. कंपन्यांना परवाने द्यायचे तर देशाचे तुकडे पाडायला हवेत. ते तुकडे म्हणजे ‘मंडळे’, टेलिकॉम सर्कल.

आपल्या विषयाचे मूळ येथे आहे. मंडळांचा नकाशा नव्याने कोणी आखला नाही. तार खात्याची जुनी कारभारी विभागणी होती तीच परवान्यांना चिकटवली गेली. महाराष्ट्र मंडळ म्हणजे मुंबई वगळून महाराष्ट्र आणि गोवा. गुजरात मंडळ म्हणजे गुजरात राज्य, दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली. खात्याच्या सोयीने हे ठीकच होते, कारण सिल्व्हासाची तार वापीहून येते. पण १९९४ पूर्वी ही रेघ फक्त साहेबांच्या बदल्यांपुरती होती, १९९५ नंतर ती ग्राहकाच्या खिशातून जाऊ लागली.

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी मोबाइलवर पहिले संभाषण केले. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या वर दर होता आणि आलेल्या फोनलाही पैसे पडत. गरिबाचा त्याच्याशी संबंध यायला आणखी आठ-दहा वर्षे जायची होती. तो आला तेव्हा मंडळाची भिंत उभी होतीच. तलासरीच्या हद्दीतला उधवा आणि नगर हवेलीतले खानवेल यांच्यातला माणूस दिवसातून दोनदा ये-जा करतो, आणि खिशातला फोन प्रत्येक वेळी टॉवर बदलतो. सीमेवर टॉवर कोणाचा पकडायचा हे फोन ठरवतो, माणूस नाही. घराच्या ओट्यावर बसून ‘रोमिंग’ लागण्याचा अनुभव या पट्ट्यातल्या जुन्या ग्राहकांना विचारा. गंमत अशी की बिर्ला ए.टी. अँड टी. कडे महाराष्ट्र आणि गुजरात अशी दोन्ही मंडळे होती. कंपनी एकच, पण परवाने दोन, म्हणून ग्राहक परका.

येथे नियामकाला श्रेय दिले पाहिजे. १९९७ साली भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, स्थापन झाले. त्याआधी खेळाडूही सरकार आणि पंचही सरकार अशी स्थिती होती. १९९९ च्या नव्या धोरणाने कंपन्यांच्या डोक्यावरची ठरावीक परवाना फी काढून उत्पन्नातला वाटा घेण्याची पद्धत आणली. चढ्या बोलीखाली दबलेला धंदा त्यामुळे वाचला. २००० साली तंट्यांसाठी वेगळे न्यायाधिकरण आले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला खात्याचे भारत संचार निगम झाले. २००३ मध्ये येणारा फोन फुकट झाला. मोबाइल खेड्यात पोचला तो याच एका निर्णयाने, असे माझे मत आहे. बाकी सारी धोरणे त्याच्या मागून आली. १ मार्च २००६ पासून भारत संचार निगमने देशभर मिनिटाला एक रुपया दर आणला.

मध्ये २००५ साली एक निर्णय झाला. मुंबई आणि उर्वरित महाराष्ट्र ही दोन वेगळी परवाना-क्षेत्रे. चेन्नई-तमिळनाडू, कोलकाता-बंगाल आणि उत्तर प्रदेशचे दोन भाग यांचेही तसेच. एका राज्यात राहून आपसात परके कसे, असा प्रश्न आला आणि या चार राज्यांतले अंतर्गत कॉल राज्यांतर्गत धरण्याची मुभा मिळाली. रास्तच झाले. मुंबईच्या माणसाचे पुण्याशी नाते नकाशापेक्षा मोठे आहे हे दिल्लीला पटले. पण खानवेलच्या वारल्याचे जव्हारच्या वारल्याशी असलेले नाते मांडायला त्या दरबारात कोणी नव्हते. एक खासदार आणि साडेतीन लाख वस्ती, एवढ्या बळावर नियमाचा अपवाद मिळत नाही.

युरोपात हाच प्रश्न आला तेव्हा त्यांनी त्याला नाव दिले, नकळत होणारे रोमिंग. सीमेवर राहणाऱ्या माणसाला शेजारच्या देशाच्या टॉवरमुळे भुर्दंड पडू नये, याची दखल तेथील २०१२ च्या रोमिंग नियमावलीत आहे, आणि १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात रोमिंगचा जादा आकारच गेला. आपल्याकडे २०१२ च्या धोरणाने ‘एक देश’ आणि मोफत रोमिंगचे उद्दिष्ट लिहिले, ट्रायने २०१३ आणि २०१५ मध्ये दर उतरवले, पुढे कंपन्यांच्या स्पर्धेने उरलेसुरले संपवले. ३ जुलै २०१५ पासून नंबर न बदलता मंडळही बदलता येते. म्हणजे पैशांची भिंत पडली. उशिरा पडली, पण पडली.

भाषेची भिंत मात्र जागच्या जागी आहे.

मागच्या खेपेस खानवेलच्या बाजारात एका दुकानासमोर उभा होतो. एका म्हातारीने नातवाच्या हाती फोन दिला. “बघ रे, पैशाचं आलंय का?” पोरगा मराठी शाळेतला. संदेश गुजराती लिपीत. त्याने डोळे बारीक करून दोन शब्द जुळवले, मग म्हणाला, “रिचार्जचं आहे आजी, बँकेचं नाही.” ते बरोबर होते की नाही हे मलाही सांगता आले नाही. त्यानंतर आम्ही त्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. यंत्राने भाषा निवडायला सांगितले: गुजराती, हिंदी, इंग्रजी. मराठी नव्हती. कंपनीचे नाव घेत नाही; एकीचे नाव घेऊन दुसरीला सोडणे बरोबर नाही.

नियम काय सांगतो? ट्रायच्या २०१२ च्या ग्राहक तक्रार निवारण विनियमांनुसार मदत क्रमांकाच्या पहिल्याच पायरीवर भाषा निवडता आली पाहिजे, आणि पुढे केव्हातरी प्रत्यक्ष माणसाशी बोलण्याचा पर्याय मिळाला पाहिजे. तरतूद चांगली आहे. पण भाषा कोणत्या ठेवायच्या हे व्यवहारात मंडळ पाहून ठरते. मंडळ गुजरातचे म्हणून भाषा गुजराती. मंडळ कर्नाटकाचे म्हणजे काय होते, हे या पानाच्या वाचकाला मी सांगायला नको. गोव्याचे उलटे आहे. गोवा महाराष्ट्र मंडळात, तेव्हा तेथे कोकणीला विचारा. आपण आपल्या अन्यायाबद्दल बोलताना हे दुसरे टोक विसरू नये, नाहीतर आपली तक्रार भाषेची न राहता केवळ आपल्या घरची होते.

लिखित संदेशाची अडचण आणखी खोल आहे. रोमन लिपीतल्या एका एस.एम.एस.मध्ये १६० अक्षरचिन्हे मावतात. देवनागरीत लिहिले की ती ७० वर येतात, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सारे वेगळे मोजले जाते. ‘तुमच्या खात्यात’ एवढे लिहितानाच पंधरा चिन्हे जातात. लाखो संदेश पाठवणाऱ्याला एकाचे दोन संदेश परवडत नाहीत, म्हणून तो इंग्रजीत पाठवतो किंवा रोमन लिपीतली हिंदी पाठवतो. हा दोष कोणाच्या मनातला नाही. प्रमाण ठरवणाऱ्यांनी आधी युरोपीय अक्षरांची सोय पाहिली, आणि आपण नंतर आलो. फोनच्या बाबतीत मात्र सरकारने पाऊल टाकले. भारतीय मानक १६३३३ च्या तिसऱ्या भागाप्रमाणे प्रत्येक फोनवर सर्व २२ अनुसूचित भाषांतले संदेश वाचता आले पाहिजेत आणि हिंदी-इंग्रजीखेरीज आणखी एका भारतीय भाषेत लिहिता आले पाहिजे. तेव्हा म्हातारीच्या फोनला मराठी येते. पाठवणाऱ्यालाच ती आठवत नाही.

आता कोणी म्हणेल, वारल्याची भाषा मराठी हे कशावरून? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. ग्रियर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात वारली मराठीच्या खंडात घेतली. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत ती भिली गटाखाली आहे. वारली ही वारलीच आहे, आणि खरे तर तिच्या बोलणाऱ्याला तिच्यातूनच सूचना मिळायला हवी. ते होईपर्यंत शाळेने ज्याला मराठी शिकवली त्याला मराठी द्यावी, गुजराती शिकवली त्याला गुजराती, एवढीच मागणी आहे. कोणावर मराठी लादा असे येथे कोणी म्हणत नाही. ठरवायचे ते ग्राहकाने. सिमकार्ड घेताना अंगठा, फोटो, पत्ता सगळे घेतले जाते. ‘कोणती भाषा वाचता?’ हा एक रकाना वाढवायला काय लागते?

यात फक्त रिचार्जचा प्रश्न असता तर इतकी शाई खर्चली नसती. निवृत्तिवेतन, रेशन, गॅसचे अनुदान, बँकेतली उचल, साऱ्यांची किल्ली आता फोनवर येणारा सहा आकडी क्रमांक आहे. त्या क्रमांकाखालीच ‘हा कोणाला सांगू नका’ अशी ताकीद असते. जिला ती वाचता येत नाही तिच्यासाठी ती नसल्यासारखीच. गोड बोलून क्रमांक काढून घेणारा भामटा मात्र तिच्या भाषेत बोलायला चुकत नाही.

आणि पाऊस. दमणगंगेवर मधुबन धरण आहे. त्याचे पाणी दुधनीकडे पसरलेले आणि दरवाजे उघडले की खाली राखोली-सिल्व्हासाकडे नदी फुगणारी. आपत्तीच्या सूचनेसाठी सी-डॉटने तयार केलेल्या ‘सेल ब्रॉडकास्ट’ पद्धतीच्या देशभर चाचण्या २०२३ साली झाल्या. त्या पद्धतीत टॉवरच्या कक्षेतल्या प्रत्येक फोनवर मोठ्या आवाजासह सूचना उमटते. नंबरांची यादी लागत नाही. महाराष्ट्रात जुलै २०२३ मध्ये आधी इंग्रजी आणि मागोमाग मराठी सूचना आली, ती पुष्कळ वाचकांना आठवत असेल, कारण अनेक जण दचकले होते. एकामागून एक दोन भाषा जातात तर तीनही जातील. खानवेलच्या टॉवरवरून कोणत्या जायच्या, हे पाणी सोडण्याच्या रात्री ठरवण्यासारखे काम नाही.

कायद्याच्या बाजूने आज संधी आहे. १८८५ चा तार कायदा १३८ वर्षे चालला. २४ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेला दूरसंचार कायदा, २०२३ त्याची जागा घेण्यासाठी आला. त्यातली काही कलमे २६ जून २०२४ पासून लागू झाली. ग्रामीण सेवेसाठी कंपन्यांकडून घेतल्या जाणाऱ्या निधीचे नाव त्यात डिजिटल भारत निधी झाले. स्पेक्ट्रम, परवाने, ग्राहकाची ओळख, नकोसे संदेश यांवर तपशीलवार तरतुदी आहेत. भाषेचे काम मात्र नियमांत होते, आणि या कायद्याखालचे नियम टप्प्याटप्प्याने येत आहेत. मसुदा प्रसिद्ध होतो, हरकतींसाठी मुदत मिळते. परवान्यांची जुनी चौकट बदलायचीच आहे तर ‘मंडळाची भाषा’ ही कल्पनाही तिच्याबरोबर तपासायला हवी. पैशांसाठी देश एक झाला असेल तर भाषेसाठी मंडळाची रेघ कशाला उरली?

फोन सरकारी खात्याचा होता तेव्हा घटनेचे कलम ३५० हाती होते. संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत आपले गाऱ्हाणे कोणत्याही अधिकाऱ्याकडे मांडण्याचा हक्क ते देते. खात्याच्या जागी कंपन्या आल्या आणि तो हक्क ग्राहक सेवेच्या खिडकीवर थेट चालेनासा झाला. तेथे आता परवान्यातली अट आणि ट्रायचा विनियम एवढेच आधार. म्हणून अट लिहून घेणे महत्त्वाचे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला, सत्कार झाले, पेढे वाटले गेले. मदत क्रमांकावर चौथे बटण वाढवायला मात्र अभिजात दर्जा लागत नाही. एक ध्वनिफीत आणि दोन-चार मराठी जाणणारी माणसे लागतात. महाराष्ट्र मंडळात त्याच कंपन्यांकडे ती आजही कामावर आहेत. खानवेलहून आलेला कॉल त्यांच्याकडे वळवायचा आहे, बस.

ट्राय आणि दूरसंचार विभाग ही दोन्ही सरकारी कार्यालये आहेत आणि त्यांना कलम ३५० लागू आहे. पुढच्या मसुद्यावरची हरकत खानवेलहून मराठीत गेली तर ती परत करता येणार नाही. ग्रामसभेचा ठराव, शाळेच्या पालकांचे निवेदन, एखाद्या दुकानदाराचे साधे पोस्टकार्ड, काहीही चालेल. वर ‘सेवाक्षेत्र: गुजरात, भाषा: मराठी’ एवढे मात्र ठळक लिहावे.